रंगाला धक्का न लावता

अण्णांची अट एकच होती. "काढायचं तर काढ, पण रंगाला धक्का लागता कामा नये."

गाडी म्हणजे आमची २०१४ सालची लाल वॅगन-आर, एमएच-१३. जानेवारीत डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून अण्णा ती फारशी चालवत नाहीत. उभी राहून खराब होण्यापेक्षा मी ती पुण्याला न्यावी असं ठरलं. न्यायच्या आधी डिकीवरचं रेडियम मला काढायचं होतं. मागच्या काचेवर 'आई-बाबांची पुण्याई' आहे, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. माझं भांडण होतं ते त्याच्या खाली, पत्र्यावर, चार-चार इंचांच्या पिवळ्या अक्षरांत लिहिलेल्या आमच्या समाजाच्या नावाशी.

कुठला समाज ते मी इथे लिहीत नाही. एवढ्यात तुम्ही वर जाऊन लेखकाचं आडनाव पुन्हा पाहून आला असाल तर संकोच करू नका, मीही तेच केलं असतं. इतकंच सांगतो की आमच्या गावात पाणी कुठं प्यायचं आणि कुठं नाही, हे आमच्या लोकांना कधी कुणी शिकवलं नाही.

रेडियम हा शब्दही मजेशीर आहे. त्यात रेडियम धातूचा कणही नसतो. असतं ते व्हायनिल नावाचं प्लास्टिक आणि त्याच्या पाठीला दाबलं की चिकटणारा गोंद. पण सोलापुरात तुम्ही कुणाला 'व्हायनिल डेकल' म्हणालात तर तो तुमच्याकडे बघत बसेल. रेडियमवाला म्हणा, कुणीही पत्ता सांगेल. टपरीएवढं दुकान, आत एक कॉम्प्युटर, एक कटिंग मशीन आणि भिंतीवर नमुने: स्वामी समर्थ, सिद्धेश्वर महाराज, शिवराय, बाबासाहेब, बसवेश्वर, डरकाळी फोडणारा वाघ, मुलांची नावं, आणि सगळ्या समाजांची नावं एकाच फॉन्टमध्ये. त्या भिंतीइतकी समता मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. दर चौरस फुटावर, सगळ्यांना सारखा.

काढायचं का, तर त्याला एक माणूस कारण आहे. तोही सोलापूरचा, पुण्यात माझ्याच कंपनीत, माझ्याच टीममध्ये. मागच्या दिवाळीत आम्ही दोघं हुतात्मा एक्स्प्रेसनं एकत्र आलो. रात्री स्टेशनबाहेर अण्णा गाडी घेऊन उभे होते. मी म्हणालो, "बस की, सोडतो तुला." तो डिकीशी बॅग घेऊन आला, क्षणभर थांबला, आणि म्हणाला, "नको काका, जवळच आहे की." मग रिक्षात बसून गेला. त्याचं घर जवळ नाही, हे मला माहीत होतं. तरी मी त्यावर फार विचार केला नाही. दिवाळीची गडबड होती, असं म्हणून सोडून दिलं.

मार्चमध्ये कँटीनमध्ये गाडी पुण्याला आणण्याचा विषय निघाला आणि मी जरा फुशारकीनंच म्हणालो की ते मागचं नाव मी काढून टाकणार आहे. मला वाटलं तो खूश होईल. तो हसला.

"काढू नको बे. निदान लांबून कळतं तरी."

मला काही सुचेना. मग त्यानं सांगितलं, रागानं नाही, एखाद्या जुन्या बगबद्दल सांगावं तसं. "कंपनीत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तू मला पूर्ण नाव विचारलं होतंस. मी माझं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. तू म्हणालास, 'आणि पुढं?'"

मला हे आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं. 

हा 'आणि पुढं?' मी आयुष्यात किती जणांना विचारला असेल याचा हिशेब लागत नाही. प्रवासात, भाड्याची खोली बघताना, मुलाखत घेताना सुद्धा. विचारताना मनात काही वाईट नसतं असं मी म्हणेन, आणि ते खरंही आहे. सवय अशीच असते. पण उत्तर मिळालं की आत कुठेतरी एक खण उघडतो आणि समोरचा माणूस त्यात नीट बसतो, हेही खरं आहे. म्हणजे गाडीवरचं नाव तर उघड होतं. ते काढून मी माझ्यातला जो भाग दिसतो तेवढा काढणार होतो, आणि जो विचारतो तो तसाच ठेवणार होतो. मित्राच्या बाजूनं पाहिलं तर त्यात त्याचा तोटाच होता. सापाची घंटी काढून टाकली आणि साप तोच ठेवला, असा काहीसा प्रकार.

तरीही मेच्या सुट्टीत मी ते काढायला बसलो. का, याचं तेव्हाचं प्रामाणिक उत्तर 'मला लाज वाटते म्हणून' एवढंच होतं. लाज वाटणं हे नैतिक कारण आहे की नुसती सोय आहे, ते मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

आता काढण्याविषयी, कारण ते मी नीट शिकलो आणि ते सांगण्याजोगं आहे. आधी गाडी धुवायची, नीट, दोन पाण्यांनी. सोलापूरची धूळ पत्र्यावर तशीच ठेवून त्यावर बोट फिरवलं तरी चरे पडतात. मग ऊब द्यायची. गोंद गार असताना घट्ट धरून ठेवतो, कोमट झाला की सैल पडतो. बहिणीचा हेअर ड्रायर पुरतो, वीतभर अंतर ठेवून, एका जागी न थांबता. पत्र्याला हात लावता आला पाहिजे, हात मागे घ्यावा लागला तर जास्त तापलं. काही जण म्हणतात सोलापूरच्या उन्हाला कशाला हवाय ड्रायर, पण बेचाळीस अंशात उभ्या लाल गाडीचा पत्रा इतका तापतो की गोंदाचा चिखल होतो आणि प्लास्टिक सुटतं, गोंद मागे राहतो. म्हणून सकाळी, लिंबाच्या सावलीत. कोपरा नखानं उचलायचा, नाही उचलला तर जुन्या एटीएम कार्डानं. ब्लेड, पाना, स्क्रू ड्रायव्हर यातलं काहीही नाही. सुटलेला भाग बाहेर, स्वतःकडे ओढायचा नाही, तो उलटा दुमडून पत्र्याला लगटून मागे न्यायचा, सावकाश. घाई केली की तुटतो.

आमचा तुटलाच. सात-आठ उन्हाळे खाल्लेलं प्लास्टिक पापडासारखं होतं. ते मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य उन्हात निघून गेलेलं असतं. एक मात्रा काढायला वीस मिनिटं. वेलांटी त्याहून वाईट. मराठी अक्षरं काढायला रोमनपेक्षा जड असतात हे मला त्या दिवशी कळलं, आणि जोडाक्षर कुणाच्याही समाजाच्या नावात नसावं असं वाटलं.

अण्णा खुर्ची टाकून बसले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "याच्यामुळंच त्या रात्री तो माणूस थांबला होता."

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. मोहोळच्या अलीकडे हायवेवर रात्री अकराला गाडी बंद पडलेली, आई सोबत, अर्धा तास कुणी थांबत नाही. मग एक पिकअप पुढे जाऊन परत मागे येते, ड्रायव्हर उतरतो, म्हणतो, "मागचं नाव बघितलं, म्हटलं आपलेच दिसतात." टोचन लावून गॅरेजपर्यंत ओढून नेलं, पैसे घेतले नाहीत. अण्णांसाठी त्या अक्षरांचा अर्थ तो पिकअपवाला आहे. अभिमान, दादागिरी यातलं काही त्यांच्या डोक्यात नाही. त्यांना ती विम्याची पॉलिसी वाटते.

"आणि नाव नसतं तर तो थांबला नसता का?" मी विचारलं.

"थांबला असता की."

"मग नाव कशाला?"

अण्णा काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही, कारण पुढचा प्रश्न मला स्वतःलाच अडचणीचा होता. त्या अर्ध्या तासात अण्णांच्या गाडीशेजारून जे गेले त्यांत कितीतरी भले लोक असतील, ज्यांनी तीच अक्षरं वाचून गाडी थांबवली नसेल. थांबलेला माणूस आपल्याला आठवतो. न थांबलेल्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही. ज्याच्या गाडीवर दुसरंच नाव आहे त्याच्यासाठी त्याच हायवेवर कोण थांबतं, हेही आपल्याला कळायची सोय नाही.

सरकारं या बाबतीत साधी असतात, त्यांना अक्षरं दिसतात. डिसेंबर २०२० मध्ये उत्तर प्रदेशात गाड्यांवरच्या जातीच्या स्टिकरवर कारवाई सुरू झाली, तेव्हा एका मराठी मुलखातल्या शिक्षकाच्या पत्रामुळे ती झाल्याच्या बातम्या होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथल्या सरकारनं आणखी पुढचा आदेश काढला: पोलिसांच्या कागदांतून, फलकांवरून, वाहनांवरून जातीचे उल्लेख हटवा. आपल्याकडे त्याच डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा जाऊन समता नगर, भीम नगर, क्रांती नगर. निर्णय चांगलाच आहे, त्याची चेष्टा मला करायची नाही. पत्त्यात रोज स्वतःचा अपमान लिहावा लागू नये, ही छोटी गोष्ट नाही. पण आमच्या गावात पाहुण्याला रस्ता सांगताना अजून जुनंच नाव तोंडात येतं, आणि मुख्य म्हणजे वस्ती जिथं होती तिथंच आहे, ओढ्याच्या पलीकडे.

एकच नियम सगळ्या स्टिकरना लावण्यातही मला अडचण दिसते. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला, आणि वाद त्याच्या मोबाईलवरच्या बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून सुरू झाल्याचं तेव्हा बातम्यांत आलं. माझ्या वयाच्या आसपासचा मुलगा. तो जे वाजवत होता आणि अण्णांच्या डिकीवर जे लिहिलं होतं, ते 'ओळखीचं प्रदर्शन' या एकाच खात्यात टाकता येतं का? आमच्या नावामुळे हायवेवर मदत आली. त्याच्या गाण्यानं जीव गेला. ज्याला मान खाली घालायला शिकवलं गेलं त्यानं नाव लिहिणं म्हणजे मान वर करणं असतं. आमची मान खाली कधी नव्हतीच, मग आम्ही ते लिहून काय वर करत होतो? कोडमध्ये अशी चूक मी रोज पकडतो: दोन व्हेरिएबलचं नाव सारखं दिसतं म्हणून त्यांना एकच समजणं.

दुपारपर्यंत शेवटचं अक्षर उरलं. ते सोपं निघालं, फारच सोपं, आणि त्याच्यासोबत नखाएवढा रंगाचा टवका आला.

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग कबुली आली. २०१७ मध्ये गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीनं मागून घासलं होतं. कोपऱ्यातल्या गॅरेजवाल्यानं पुट्टी भरून रंग मारून दिला, पण लाल लालाशी जुळला नाही. पॅच उठून दिसत होता. त्यानंच सुचवलं, "काका, वरून रेडियम मारून टाका, दिसायचं नाही."

कंपनीतला रंग भट्टीत साधारण एकशे चाळीस अंशांवर भाजलेला असतो, तो गोंदाबरोबर सहसा येत नाही. गॅरेजमधला रंग तितका पक्का बसत नाही, म्हणून आधी मार लागलेल्या जागीच तो निघतो. काढायच्या आधी गाडीचा कुठला भाग पुन्हा रंगवलाय हे विचारून घ्यावं, हा त्या दिवसाचा सगळ्यात उपयोगी धडा. मी विचारलं नव्हतं. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. इतकी वर्षं मी ज्याला जातीचा अभिमान समजून मनातल्या मनात वडिलांशी भांडत होतो, ते मुळात एक पोचा झाकायला लावलेलं होतं. अर्थात झाकायला गणपतीही चालला असता. ते मी बोललो नाही.

उरलेला गोंद खोबरेल तेलानं निघाला. तेल लावून दहा मिनिटं थांबायचं, मऊ फडक्यानं गोल गोल चोळायचं, मग साबणाचं पाणी. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर कुणी कितीही सांगितलं तरी नको, ते गोंद आणि रंग यांत फरक करत नाहीत. सगळं पुसून झालं आणि मी दोन पावलं मागे आलो, तर नाव तिथंच होतं.

पिवळं नव्हतं, लाल होतं. लालावर लाल, पण जास्त गडद, जास्त ताजं. प्रत्येक मात्रा जागेवर. मला आधी वाटलं रेडियमनं डाग पाडला. मग लक्षात आलं की मी उलटं पाहतोय. अक्षरांखालचा रंग हाच गाडीचा खरा रंग आहे, शोरूममधून आणलेल्या दिवसाचा. त्याला ऊनच लागलं नव्हतं. डागाळलाय, विटलाय तो बाकीचा सगळा पत्रा. नाव जिथं होतं तेवढी जागा सोलापूरच्या उन्हापासून सुरक्षित राहिली.

हे मी अण्णांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "म्हणजे रेडियम चांगलंच की मग."

मी बरीच वर्षं समजत आलो की जात ही आमच्यासारख्यांच्या अंगावर चिकटलेली बाहेरची गोष्ट आहे, सोलली की खाली नुसता माणूस निघेल. पण खाली नुसता माणूस निघत नाही. सावलीत राहिलेला माणूस निघतो. माझं न तुटलेलं शिक्षण, आजोबांच्या नावावरची आठ एकर, ओळखीनं मिळालेली पुण्यातली पहिली खोली, 'आणि पुढं?' विचारल्यावर न चाचरता देता येणारं उत्तर. यातली एकही गोष्ट गाडीवर लिहिलेली नव्हती आणि एकही सोलून निघत नाही. तमिळनाडूत तर हे काम आपल्या फार आधी झालं. १९२९ मध्ये चेंगलपट्टूच्या आत्मसन्मान परिषदेत लोकांनी नावापुढची जातीची बिरुदं टाकली, आणि आज तिथल्या बहुतेकांच्या नावात आडनाव सापडत नाही. माझ्या टीममधल्या तमिळ मुलीला 'आणि पुढं?' विचारलं तर ती एक इनिशियल सांगते. तरी २०२३ मध्ये नांगुनेरीत एका शाळकरी दलित मुलावर आणि त्याच्या बहिणीवर वर्गमित्रांनी कोयत्यानं हल्ला केला. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती चंद्रू समितीनं २०२४ मध्ये शिफारस केली की शाळेत मुलांनी मनगटावर रंगीत पट्टे बांधू नयेत, कारण त्या रंगांवरून मुलं एकमेकांची जात ओळखत होती. नाव पुसून जवळजवळ शंभर वर्षं झाली, खुणेनं दुसरी जागा शोधली.

लाल अक्षरांवर इलाज आहे, पॉलिश. आणि इथेच अण्णांची अट मोडते. अक्षरं घासून उपयोग नाही, ती चांगलीच आहेत. घासायचा असतो आजूबाजूचा पत्रा, वरचा मेलेला थर निघेपर्यंत. रंगाच्या वर क्लिअर कोट असतो, पारदर्शक, चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. पॉलिश म्हणजे तो थर थोडा थोडा खाणं. फडक्यावर लाल उतरत नाही तोवर खालचा रंग शाबूत. एकदा खाल्लेला थर परत येत नाही. आणि रंगच आतून विटला असेल तर कितीही घासा, फरक कमी होतो, जात नाही. रंगाला धक्का न लावता रेडियम काढता येतं. त्याचा ठसा धक्का न लावता काढता येत नाही.

अण्णांची अट मला आता फार ओळखीची वाटते. माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर, नातेवाइकांत, ऑफिसात, जातपात गेली पाहिजे असं न म्हणणारा माणूस मला क्वचित भेटतो. आरक्षणाचा, जमिनीचा, मुलीच्या स्थळाचा विषय निघाला की मग अट येते. रंगाला धक्का न लागता जाणार असेल तर जाऊ दे.

मी दोन तास पॉलिश केलं. अक्षरं फिकी झाली. मग हात दुखायला लागला आणि अण्णा म्हणाले, "पुरे आता, पातळ करशील." मी थांबलो. हात दुखत होता हे खरं आहे. थांबायला कारण मिळालं याचं बरं वाटलं, हेही खरं आहे.

गाडी आता पुण्यात आहे. टवका निघालेल्या जागी मी टचअपच्या बाटलीनं ठिपका मारलाय, तो जुळलेला नाही. मित्र एक-दोनदा गाडीत बसला, डिकीकडे पाहिलं, काही म्हणाला नाही. मी त्याला माझ्या 'आणि पुढं?'बद्दल सॉरी म्हणालो तेव्हा म्हणाला, "ठीक आहे बे, चहा सांग." ते माफ करणं होतं की विषय संपवणं, मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

सरळ पाहिलं तर आता काही दिसत नाही. पण सकाळी ऊन तिरपं पडलं किंवा रात्रीच्या पावसाचं पाणी पत्र्यावर असलं की नाव वाचता येतं. मागच्या आठवड्यात सोसायटीचे वॉचमन काका गाडीमागे वाकून उभे होते. मला पाहून सरळ झाले आणि हळू आवाजात, हसून म्हणाले, "साहेब, तुम्ही आपल्यातलेच का?"

ऑफिसला उशीर होत होता. मी हो म्हणालो. तेव्हापासून गेटजवळची सावलीची जागा माझ्यासाठी रिकामी असते.